खावरच्या तुळईचे टोक

बिस्मिल्ला. मी, पीरोज, बाप मरहूम अब्दुल्ला जोडेवाला, नवरा मरहूम तोफीक, राहणार कानीबान, मरीवानच्या डोंगराकडचे गाव, हे मृत्युपत्र आज दुपारच्या नमाजानंतर सांगते आहे आणि मामोस्ता बहाउद्दीन, आमच्या मशिदीचे मुल्ला, ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, ते मरीवानच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितले आहे. कोणी दटावून किंवा फूस लावून हे लिहवून घेतलेले नाही. मला दटावील असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. मी रागात आहे, हेही लिहा. मामोस्ता म्हणतात, रागात केलेले मृत्युपत्र कचेरीत टिकत नाही. मग असे लिहा की पीरोज गेली सहा वर्षे रागात आहे, आणि तेवढ्या काळात तिने कधी दूध नासवले नाही की भाकर करपवली नाही. राग आला म्हणजे अक्कल गेली, असे काही नसते.

हा कागद उद्या मरीवानच्या कचेरीत कोणी सपाट गावातला माणूस वाचील, त्याच्यासाठी थोडे सांगते. आमची घरे डोंगराला पायऱ्यांसारखी लागलेली आहेत. खालच्याचे माळवद तेच वरच्याचे अंगण. माळवदाची माती, आतल्या तुळया आणि भिंतीबाहेर हातभर डोकावणारी तुळयांची टोके ही खालच्याची. त्यावर चालणे, अक्रोड वाळवणे, लग्नात नाचणे हा वरच्याचा हक्क, आणि बर्फ पडला की तो लोटून काढणे हे वरच्याचे काम. खालच्याला विचारल्याशिवाय वरच्याने अंगणात खिळासुद्धा ठोकायचा नाही, कारण माझ्या अंगणातला खिळा म्हणजे दुसऱ्याच्या छताला भोक. माझ्या अंगणाखाली माझी सख्खी धाकटी बहीण खावर राहते. अंगणाच्या मधोमध तिच्या चुलीचे धुराडे उघडते. मी मुद्दाम या थंडीत ओसरीवर बसून, शेगडी पुढ्यात घेऊन बोलते आहे, म्हणजे धुराड्याखाली कान लावून बसलेल्या बाईला प्रत्येक शब्द नीट ऐकू जावा.

कलम पहिले. शरियतप्रमाणे माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शावरच माझी हुकमत चालते. नवरा गेला. एकुलता एक मुलगा झाना गेला, आणि त्याला मूलबाळ नव्हते. म्हणजे माझी वारस एकच उरते, ती खावर. झानाची बायको शिलान, जी माहेरी परत न जाता माझ्यापाशी राहिली, जी मला धरून उठवते आणि धरून बसवते, ती कायद्याने माझी कोणीच नाही. मात्र वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही, आणि कोणीच नसलेल्याला देता येते, एवढी एक फट कायद्यात आहे. त्या फटीतून मी शिलानला देते: ओसरीलगतची खोली, तिच्यामागचा गोठा, या अंगणावरचा हक्क, आणि गोठ्यात घोंगडीखाली झाकून ठेवलेली सायकल, तिच्या सर्व जोडकामासह.

खोली दिली नसती तरी खावरने शिलानला हाकलले नसते. तेवढी ती वाईट नाही, हे लिहा. पण माझा जनाजा उठला की ती सायकल सिरवान नदीत जाणार, हे साऱ्या गावाने ठरवून ठेवले आहे. आणि शिलान? शिलान आज काय करते ते या ओसरीवर बसलेल्यांनी सकाळीच पाहिले. फावडे घेऊन अंगणाच्या काठापर्यंत जाते आणि बर्फ खाली लोटते. काठाची माती बर्फाखाली गोठलेली, काचेसारखी. तिच्या कमरेला दोर असतो आणि त्या दोराचे दुसरे टोक मी धरते, भिंतीला पाठ लावून, हे असे खोकत. मी मेल्यावर तो दोर धरायला कोणी नाही. गावातले बहुतेक पुरुष हिवाळाभर सरहद्दीवर असतात, आणि बायका आपापल्या माळवदांवर. माझी सून काठावरून खाली जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकी भांडीकुंडी कोणी नेली तरी मला काय!

कलम दुसरे, सायकलीविषयी. झाना सरहद्दीवर ओझी वाहायचा, गावातले सगळे तरुण वाहतात तशी. खिंडीपलीकडून माल पाठीवर बांधायचा आणि इकडे आणून उतरवायचा. कधी चहाच्या पेट्या, कधी टायर, कधी टीव्ही. त्या खेपेला मरीवानच्या कुणा व्यापाऱ्याची सायकल होती. निघताना आईला, म्हणजे मला, म्हणाला, "दाया, येताना सायकल घेऊन येतोय."

मी म्हटले, "मेल्या, या गावात सपाट जागा म्हणजे दुसऱ्याचं डोकं. सायकलवर बसणार कुठे तू?"

"मी कशाला बसतोय? तीच बसणार माझ्यावर!"

रेबंदान महिना होता, ऐन थंडीचा. खिंडीत वरून बर्फाचा कडा सुटला. सोबत्यांनी त्याला उकरून काढून आणले, तेव्हा सायकल पाठीला बांधलेलीच होती. व्यापाऱ्याने निरोप धाडला, मेलेल्याचे ओझे मला नको. गावातही तसाच समज आहे, ओझेवाला ज्या ओझ्याखाली मेला ते वेशीच्या आत आणायचे नाही. ती वेशीबाहेर अक्रोडाखाली टाकून दिली. मी झऱ्यावर जाताना आणि येताना ती बघायची. बायका तोंड फिरवून जात आणि म्हणत, हिनेच खाल्ले झानाला.

हे ठळक लिहा, मामोस्ता. माझ्या पोराला सायकलने मारले नाही, बर्फाने मारले. तिने बिचारीने काय केले? पाठीवर बसली होती, तो पडला तेव्हा तीही पडली.

पुढच्या हिवाळ्यात शिलान फावडे मारता मारता काठावरून घसरली. खावरच्या तुळईचे टोक बाहेर आलेले आहे, त्यात तिचा झगा अडकला आणि ती उलटी लोंबकळत राहिली. ओरडा ऐकून खावर अनवाणी बाहेर आली आणि दोन्ही हातांनी तिला खालून उचलून धरून उभी राहिली, मी वरून दोर सोडेपर्यंत. खावरच्या बाजूने लिहिण्यासारखे हे आहे, म्हणून लिहून घ्या. ते टोक मी त्या दिवशी नीट पाहिले. चिनाराची जुनी तुळई, माणसाचा भार घेऊनही करकरली नाही. मला वाटले, ही तुळई माणूस पेलते, मग कप्पी का नाही पेलणार? बर्फ काठाशी जायला हवा, माणसाने तिथे कशाला जायचे? त्याच संध्याकाळी मी वेशीबाहेर गेले, सायकल खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या दारांवरून, खोकत, शिव्या देत, घरी आणली. एकानेही आडवे येण्याची हिंमत केली नाही.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. विणायच्या मागाच्या जाड लाकडांत सायकल पक्की बसवली, भिंतीशी. पुढचे चाक काढले. मागच्या चाकाचा टायर काढला, म्हणजे उघड्या रिमवर दोर गुंडाळता येतो. दोर तिथून निघून काठाच्या तुळईला बांधलेल्या कप्पीतून वळून परत येतो आणि एका रुंद फळीला जुंपलेला असतो. सीटवर बसून पायडल मारले की फळी भिंतीपासून काठाकडे जाते आणि पुढचा बर्फ ढकलत नेते. माणूस मात्र भिंतीशी बसून राहतो. सांगायला सोपे आहे. पहिल्यांदा फळीने बर्फाबरोबर माळवदाची मातीही खरवडली. दुसऱ्यांदा खाली जाड लोकरी नमद्याची पट्टी लावली, तर फळी बर्फावर चढून बसली आणि नुसतीच घसरत गेली, बर्फ होता तिथेच.

शिलान म्हणाली, "दाया, हिच्यावर वजन ठेवू या."

"काय ठेवू? माझं नशीब ठेव, त्याच्याइतकं जड दुसरं काही नाही घरात."

"नको, मग तुळई मोडेल," म्हणाली ती. झाना गेल्यानंतर या घरात त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले. शेवटी वजन नाही, तिरका कोन कामाला आला. फळी खुरप्यासारखी पुढे कलती केली, तेव्हा ती बर्फात शिरली आणि मातीला धरून चालली. लोक म्हणतात ही म्हातारीची करामत. कोन शिलानचा आहे, लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी मिशीवाला उठून तो आपला म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी शिलान सीटवर बसली, घेरदार सलवार गुडघ्याशी बांधून. चार फेऱ्यांत अंगण मोकळे. सगळा बर्फ एका लोटात खावरच्या अंगणात आणि तिथून उसळून हमे सईदच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला. हमे सईद, म्हणजे आज माझा साक्षीदार म्हणून इथे बसलेला हाच, खावरच्या खालच्या घरात राहतो. तो खालून ओरडला, "अरे, घर पडलं की आभाळ?"

मी म्हटले, "सायकल आली, हमे सईद! बाजूला हो!"

"सायकल? वरून?"

तेवढे बोलून तो घरात गेला. आणि खावर बाहेर आली. तिच्या हातात विळा होता. एक शब्द न बोलता शिडी लावून ती वर चढली आणि तुळईच्या टोकाचा माझा दोर कापला. मी वरून ओरडले, "खावर, तुझ्याच डोक्यावरचा बर्फ काढतेय गं मी!"

ती म्हणाली, "तुळई माझी आहे." एवढेच म्हणाली, आणि आजतागायत एवढेच म्हणते.

दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचे नाक कापणारी माणसे मी ऐकली होती. स्वतःचे छत पडू देणारी माझ्या आईच्या पोटी जन्मली होती, हे त्या दिवशी कळले.

कलम तिसरे, निवाड्याविषयी. मामोस्ता, हात आखडू नका, तुमच्याविषयी आहे म्हणून शाई संपत नाही. मी तुमच्याकडे आले आणि तुम्ही पुस्तक न उघडता सांगितले की तुळई जिची, संमती तिची. निवाडा बरोबर होता. चुकीचा असता तर मी तो फाडून टाकला असता. बरोबर होता, म्हणून तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. गावच्या जाणत्या म्हाताऱ्यांनी वर पुस्ती जोडली की मेलेल्याचे ओझे आहे, कुणाच्याच माळवदावर नको. आणि त्याच्या पुढल्या हिवाळ्यात काय झाले? मशिदीचे माळवद कण्हू लागले. बहुतेक पुरुष खिंडीपलीकडे. तेव्हा मामोस्ता माझ्या दारात आले.

"पीरोजखातून, ते तुमचं... यंत्र."

"कोणतं? मेलेल्याचं ओझं?"

"अल्लाच्या घराचं माळवद आहे हो."

"मग खाली राहणाऱ्याची संमती आणली का?"

तेव्हा मामोस्ता हसले नव्हते. आता लिहिताना हसत आहेत. शिलानने मशिदीचे माळवद तिसऱ्या प्रहरच्या अस्र नमाजाआधी साफ केले. तेच म्हातारे खाली चौकात उभे राहून माना डोलवत होते. हमे सईद तेवढा चाक फिरायला लागताच उठून गेला. मी म्हटले, कामचुकार. साफ झाल्यावर म्हातारे म्हणाले, परत नेताना आमच्या दारांवरून नेऊ नका. माझ्या फातिहाला त्या म्हाताऱ्यांनी यावे, जेवावे, मला माफ करावे. सायकलविषयी मात्र तोंड उघडू नये. आणि मरीवानचा तो व्यापारी आला, तर त्याला चहाचा घोटही देऊ नये.

कलम चौथे, फुटकळ. माग शिलानला नको असेल तर लतीफच्या घरी द्यावा, त्याची बायको चांगली विणते, जरी बोलते फार. बापाची जोडे शिवायची आरी आणि ठोकणी खावरला, तशीही ती वारस म्हणून तिचीच. बापावर तिचा जीव माझ्याहून जास्त होता, मी खोटे बोलणार नाही. शेळी तिचे दूध आटेल तेव्हा विकावी, आधी नाही. झऱ्याकडच्या अक्रोडाचे अक्रोड, माझ्या हयातीत जे चोरून नेत होते, त्यांनी आता उजळ माथ्याने न्यावेत, नाव सांगत नाही. रोकड उशीच्या अभ्र्यात आहे, कफन आणि खड्डा एवढ्यापुरती.

आणि हे महत्त्वाचे. माझ्या डोक्यावर लतीफचे अंगण आहे, म्हणजे माझ्या छपराच्या तुळयांची टोके त्याच्या काठाशी येतात. ती टोके मी लतीफला, त्याच्या बायकोला आणि त्यांच्यानंतर त्या घरात राहील त्याला, दोर बांधण्यासाठी कायमची मोकळी करते. मला न विचारता बांधावा. मी मेले असले तरी न विचारता बांधावा. लतीफ दुसरा साक्षीदार म्हणून इथेच बसला आहे आणि म्हणतो आहे, "पण मावशी, मी कुठे मागितलं होतं?" लतीफ, बाबा, मागितले नाहीस म्हणूनच देते. खालच्याने वरच्याला कसे द्यायचे असते ते गावाला एकदा दिसू दे.

कलम पाचवे. खावरची तुळई मला मृत्युपत्राने देता येत नाही. ती तिची आहे. त्यामुळे शिलानला सायकल देऊनही मी तिला काहीच देत नाही, हे मला कळते. म्हणून या कलमात मी माझ्या बहिणीला सगळ्यांदेखत विचारते, कारण नुसते विचारून विचारून माझी जीभ झिजली. खावर, तुळईला दोर बांधला तर तुझे काय जाते? मेलेल्याच्या ओझ्याला तू भीत नाहीस. लहानपणी कबरस्तानातली तुतीसुद्धा तूच खायचीस. हेवा म्हणावा तर माझ्याकडे हेवा करण्यासारखे काय राहिले आहे?

इथे मामोस्तांनी लेखणी थांबवली, कारण धुराड्यातून आवाज आला. मी म्हटले, जे ऐकू येईल ते जसेच्या तसे लिहा. तेव्हा पुढचे त्यांनी तसेच लिहिले आहे.

खावर खालून म्हणाली, "ताई, कारण सांगितलंच पाहिजे का?"

"कागदावर पाहिजे!"

"मग हमे सईदला विचार, झाना कसा सापडला."

हमे सईद म्हणाला, "खावरमावशी, नको ना. ठरलं होतं आपलं."

मी त्याच्याकडे पाहिले. तो चहाच्या पेल्यात बघत होता. मी म्हटले, "काय ठरलं होतं? कुणाचं? बोल. नाहीतर ही शेगडी तुझ्या डोक्यावर उपडी करीन."

तो बोलला. खाली मान घालून बोलला, तसेच लिहिले आहे. "सगळं पांढरं झालं होतं मावशी. कुठं खणायचं तेच कळेना. वारा सुटलेला. मग टिकटिक ऐकू आली. मागचं चाक तेवढं बर्फाच्या वर राहिलं होतं, ते वाऱ्यानं फिरत होतं. त्या आवाजामागं गेलो, म्हणून सापडला."

"जिवंत होता?"

"नाही मावशी. चाकच तेवढं हलत होतं."

मग खावर बोलली, आणि तिचा आवाज धुराबरोबर वर येत होता. "तुझी सून बर्फ लोटते. बर्फ खाली गेला की दोर सैल पडतो, अन् चाक रिकामं फिरत राहतं. टिकटिक, टिकटिक. माझ्या डोक्यावर. मी ऐकलं, अन् मला ती खिंड दिसली. तू तापात पडली होतीस, तेव्हा त्याला माझं दूध पाजलंय मी. पहिल्याच दिवशी विळा घेऊन वर आले ती त्यासाठी."

"मग हे बोलली का नाहीस? पाच हिवाळे तुळई माझी, तुळई माझी!"

"सांगितलं असतं तर तुला कळलं असतं ना, ताई!"

मामोस्तांनी विचारले, थांबू या का. मी म्हटले, थांबायचे नाही, आता तर मुळीच नाही. लिहा.

मी पीरोज, झानाची आई, लिहून ठेवते की माझ्या मुलाचे शेवटचे काय झाले ते हमे सईदला ठाऊक होते, खावरला ठाऊक होते, आणि लतीफही जमिनीकडे बघतो आहे, म्हणजे त्यालाही ठाऊक होते. खिंडीत गेलेल्या सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी घरी येऊन आपापल्या बायकांना सांगितले असणार. माझ्यासमोर सगळे मूग गिळून बसले. माझ्यावर दया करायचा मक्ता तुम्हाला कोणी दिला? तुमच्या दयेपायी माझी सून पाच हिवाळे त्या काठावर उभी राहिली. दर वेळी बर्फ पडला की मी तिच्या कमरेला दोर बांधत होते आणि तुम्ही माझी दया करत होता! झाना माझा होता. त्याचा आवाजही माझा होता. तो मला न विचारता तुम्ही आपसांत वाटून घेतलात.

शिलान दारात उभी होती. तिलाही ठाऊक नव्हते, हे मी तिच्या तोंडावरून ओळखले. ती गोठ्यात गेली आणि परत येऊन म्हणाली, "दाया, तो आवाज फ्रीव्हीलचा असतो. तारेनं आवळलं की चाक न् पायडल एकजीव होतात. मग टिकटिक नाही. फक्त मला पाय थांबवता येणार नाहीत, चाकाबरोबर फिरवत राहायला लागेल."

एका तारेचे काम होते. एका तारेचे!

धुराड्यातून खावरने विचारले, "अगदी आवाज नाही?"

"नाही, मावशी."

खाली चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग खावर म्हणाली, "मग बांधा दोर."

मी म्हटले, मान्य, पण तार लावण्याआधी मी ऐकणार. खावर खालून ओरडली, "ताई, नको!" मी म्हटले, "कानात बोटं घाल. तू सहा वर्षं मनात ऐकलंस, मी एकदा जाणून ऐकते." शिलान आणि लतीफने सायकल गोठ्यातून ओसरीवर आणली. शिलानने हाताने पायडल फिरवले आणि सोडले. चाक फिरत राहिले. माझ्या तान्ह्याचा पाळणा हलवल्यापासून एवढे लक्ष देऊन मी काही ऐकले नव्हते. ते हळू होत गेले आणि थांबले. मग मी शिलानला सांगितले, लाव तार.

यानंतर मामोस्तांनी कागदाचे हे पान दोरीला बांधून धुराड्यातून खाली सोडले. ते वर आले तेव्हा खाली खावरचा अंगठा होता, चुलीच्या काजळीचा. मामोस्ता म्हणतात काजळी पुसली जाते, शाई पाठवायला हवी होती. पुसली तर ती पुन्हा उठवील, चूल तिच्याच घरात आहे.

कलम सहावे आणि शेवटचे. मी कुणालाही माफ केलेले नाही. हमे सईदला नाही, लतीफला नाही, खावरला तर नाहीच. संमती घेतली, माफी दिली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कचेरीने ध्यानात ठेवावे. मेल्यावर मला न्हाऊ घालायचा हक्क बहिणीचा आहे. तो काढून घ्यावा असे मी मामोस्तांना गेल्या महिन्यात सांगितले होते. आता सांगते, खावरने मला न्हाऊ घालावे. पाणी ऊन असावे. तिने रडावे, पण बोलू नये. बोलायचे ते जेव्हा बोलायला हवे होते तेव्हा ती बोलली नाही.

मामोस्ता म्हणतात, मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होते. इतर सगळे तसेच लागू होऊ दे. तुळईचे कलम आणि सायकलचे कलम मात्र उद्या सकाळपासून लागू. आभाळ भरून आले आहे आणि बोलता बोलता अंगणात बोटभर बर्फ साचलाही. मी मरेपर्यंत थांब म्हणून तो काही थांबायचा नाही. उद्या शिलान भिंतीशी बसेल आणि मी तिच्या शेजारी, दोर न धरता.

पीरोज, अब्दुल्लाची लेक. सही माझ्या हाताची, वाकडी असली तरी माझीच.

संमती, वारस म्हणून आणि तुळईची मालकीण म्हणून: खावर, अब्दुल्लाची लेक. अंगठा काजळीचा.

साक्षीदार: हमे सईद, खावरच्या खालचे घर. पीरोजमावशी सही करू देते आहे, बोलू देत नाही.

साक्षीदार: लतीफ, वरचे घर.

लेखक: मामोस्ता बहाउद्दीन. सांगितले तसेच लिहिले. माझ्याविषयीचेही.

ठिकाण कानीबान, पीरोजची ओसरी. रेबंदान महिन्याचा जुम्मा. बर्फ पडतो आहे.